सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्यांना बोलू द्यावं का? कॅरमचा गेम बनवणाऱ्या तिघांसाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तुम्ही तिघांनी फोनवर दोघांत खेळायचा कॅरमचा गेम बनवलाय. अनोळखी माणसाशी जोडी लागते, बोर्ड संपतो, निकाल दिसतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. तुमच्यातला एक जण म्हणतो, निकालानंतर चॅट द्यायलाच हवी, नाहीतर समोर माणूस होता की मशीन हेही कळत नाही. दुसरा म्हणतो, चॅट दिली की शिवीगाळ सुरू होणार आणि ती निस्तरायला आपल्याकडे माणूस नाही. निर्णय तुमच्यावर आलाय.

मी बरीच वर्षं गेम कंपन्यांसाठी चॅटच्या तक्रारी तपासायचं काम केलंय, त्यातही जास्त करून मराठी आणि हिंदी चॅट. आता तेच काम सांगलीतच, विश्रामबागेतल्या घरून करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना बुद्धिबळ शिकवते. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसत आलीय: सामन्यानंतर माणसांना बोलायचं असतंच, आणि बोलणं खेळाबद्दल राहिलं तर ते सहसा चांगलं निघतं. खेळ बाजूला झाला आणि समोर फक्त माणूस उरला की घसरगुंडी सुरू होते. म्हणून माझा सल्ला: बोलू द्या, पण रिकामी चौकट देऊ नका. बोर्ड मधे ठेवून बोलू द्या. म्हणजे नेमकं काय, ते पुढे येतंच.

आधी अडचण नीट बघू. वरवर हा प्रश्न चॅटचा वाटतो, पण खरी अडचण वेळेची आहे. सामना चालू असताना दोघांनाही काहीतरी गमवायचं असतं. शिव्या देत बसलं तर नेम चुकतो, वेळ जातो. निकाल लागला की हा लगाम सुटतो. एक जण दुखावलेला, एक जण फुशारलेला, आणि दोघांनाही माहीत असतं की हा माणूस पुन्हा आपल्या वाट्याला बहुधा येणार नाही. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींतली बरीचशी वाक्यं निकालानंतरच्या पहिल्या मिनिटातली असतात. जिंकणारा डिवचतो: ‘इझी’, ‘जा, आईला सांग’, ‘शिकून ये’. हरणारा आरोप करतो: ‘नेट स्लो केलंस’, ‘गेमच फिक्स आहे’, बुद्धिबळात असेल तर ‘इंजिन लावलंस’, म्हणजे कॉम्प्युटरला विचारून खेळलास. लोक समजतात की त्रास फक्त जिंकणारे देतात. माझ्या पाहण्यात हरणाऱ्याची जीभ जास्त लवकर सुटते आणि जास्त खालच्या पातळीला जाते. समोरच्याच्या वापरनावात आडनाव असलं तर कधी कधी जातीवर घसरतात, नाव मुलीचं वाटलं तर वेगळंच सुरू होतं.

त्या वेगळ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुमचा मित्र ‘शिव्यांचा फिल्टर टाकू, झालं’ असं म्हणत असेल. एकदा एका आईची तक्रार आली होती. मुलगी नववीत, गेममधलं नाव तिचं स्वतःचं. तिने सामना जिंकला. मग समोरून एकामागून एक आलेले मेसेज असे होते: ‘छान खेळलीस.’ ‘मुलगी आहेस ना?’ ‘कितवीला?’ ‘कुठली शाळा?’ ‘इन्स्टा आहे का?’ ‘फोटो टाक ना, काही करत नाही.’ या सगळ्यात एकही वाईट शब्द नाही. जगातला कुठलाही शब्दांचा फिल्टर हे अडवणार नाही. मुलगी गप्प राहिली, तर तो तिला पुन्हा पुन्हा सामन्याला बोलावत राहिला. तिने गेम काढून टाकला. जिंकून काढून टाकला, हे मला फार लागलं.

फिल्टरची दुसरी बाजूही बघा. आपली माणसं मराठी रोमन लिपीत लिहितात, आणि एकाच शिवीची दहा स्पेलिंगं होतात. मधे टिंब टाकतात, अक्षरं सुटी लिहितात, देवनागरीत मात्रा बदलतात. यादी कितीही वाढवा, ती कायम एक पाऊल मागेच राहते. उलट हिंसक शब्दांच्या यादीत कुणी ‘मार’ घातला, तर तुमच्या गेममध्ये ‘काय मारलास रे!’ हे कौतुकच अडकेल. कॅरममध्ये सगळे मारतातच. फिल्टर ठेवा, पण त्याच्या भरवशावर मोकळी चॅट उघडू नका.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. खेळणारी माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत असतील, म्हणजे लिंक पाठवून मित्राला बोलावलं असेल, तर चॅट मोकळी ठेवा; त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच, तिथे काय बोलायचं ते ती बोलतीलच. सामना दोन मिनिटांचा असेल तर बोलण्यासारखं फार काही साचत नाही. अर्ध्या तासाचा असेल तर मनात बरंच काही असतं. क्रमवारीचे गुण पणाला लागले असतील तर राग जास्त. पण तुमच्या बाबतीत सगळ्यात निर्णायक गोष्ट म्हणजे तुम्ही तिघंच आहात. रात्री दोन वाजता तक्रार आली तर ती कोण वाचणार, हे ठरल्याशिवाय मोकळा मजकूर सुरू करू नका. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी माणसं असतात, तरी त्यांची दमछाक होते.

मोठ्यांनी काय केलं हेही बघण्यासारखं आहे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा दोन संघांचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या रायट गेम्सने २०१२-१३ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. विरुद्ध संघाशी बोलायची सोय काढून टाकली नाही, फक्त सुरुवातीला बंद ठेवली. ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. त्यांनी जाहीर केलेले आकडे असे की वाईट चॅट ३० टक्क्यांहून जास्त घटली, चांगली चॅट जवळपास ३५ टक्के वाढली, आणि एकूण बोलण्याचं प्रमाण साधारण तेवढंच राहिलं. म्हणजे ज्यांना खरोखर बोलायचं होतं त्यांनी एक बटण दाबायचे कष्ट घेतले, आणि तोंडाला येईल ते फेकणारे बरेच जण तेवढ्यावरच थांबले. माझ्या कामात मी हेच वारंवार पाहिलंय. दारावर कडी असली की आत येणारा दोन क्षण विचार करतो.

दुसरा मार्ग म्हणजे तयार वाक्यं. ‘हार्थस्टोन’ या २०१४ मध्ये आलेल्या पत्त्यांच्या खेळात अनोळखी प्रतिस्पर्ध्याला स्वतःचं वाक्य टाइप करताच येत नाही. ठरावीक पाच-सहा उद्गारच पाठवता येतात, आणि नको असतील तर समोरच्याचं तोंड बंद करता येतं. कल्पना उत्तम, पण लोकांनी त्यातला ‘सॉरी’ असा काही वापरला की समोरच्याचा तिळपापड व्हावा. आपण जिंकायच्या बेतात असताना ‘सॉरी’, त्याचं चांगलं पान वाया गेलं की ‘सॉरी’. शेवटी २०१६ मध्ये कंपनीने तो उद्गार काढून त्याजागी दुसरा ठेवला. ‘रॉकेट लीग’ या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या गेममध्ये गोल वाचवणाऱ्याच्या कौतुकासाठी एक तयार वाक्य आहे. लोक ते गोल खाल्लेल्याला पाठवतात, तेही सलग तीन-चार वेळा. म्हणजे वाक्य सभ्य असलं तरी ते कधी आणि किती वेळा पाठवता येतं यावर त्याचा अर्थ ठरतो. तयार वाक्यं लिहून झाली की आपलं काम झालं, असं समजू नका.

लिचेस या वेबसाइटवर बुद्धिबळ खेळत असाल तर तिथली पद्धत तुम्ही पाहिली असेल. डाव सुरू होताना नमस्कार-शुभेच्छांची छोटी बटणं, डाव संपल्यावर ‘छान डाव’, ‘चांगलं खेळलात’, ‘आभार’, ‘निघतो’ अशी वेगळी बटणं. लहान मुलांसाठी एक खास सोय आहे, ती चालू केली की चॅटच बंद. आणि डाव संपल्यावर तोच पट विश्लेषणासाठी उघडता येतो, कुठली खेळी कुठे चुकली ते बघता येतं. माझ्या मते तुमच्यासाठी खरं शिकण्यासारखं आहे ते हे शेवटचं.

ते का, हे समजायला आपल्या गावातलाच अनुभव उपयोगी पडेल. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे स्पर्धांची सवय जुनी आहे. भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारखी खेळाडू याच गावातली. इथल्या कुठल्याही स्पर्धेत जा, डाव संपला की काय होतं बघा. दोघं हस्तांदोलन करतात, गुणपत्रकावर सह्या होतात, निकाल पंचांकडे जातो, आणि मग दोघं बाहेर येतात. व्हरांड्यात कुठेतरी एक रिकामा पट शोधतात आणि डाव पहिल्यापासून मांडतात. खेळायच्या खोलीत बोलायचं नाही, हा नियम कडक असतो. बाहेर मात्र बोलण्याची मुभाच नव्हे, ती अपेक्षाच असते.

अशाच एका स्पर्धेत माझा एक दहा-अकरा वर्षांचा विद्यार्थी एका साठीच्या गृहस्थांकडून हरला. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. ते गृहस्थ त्याला ‘वाईट वाटून घेऊ नको’ वगैरे काही म्हणाले नाहीत. पट मांडला, बाविसाव्या-तेविसाव्या खेळीपर्यंत आले आणि म्हणाले, “इथं तू शह दिलास. का दिलास?”

“मिळत होता म्हणून.”

“मिळतो म्हणून द्यायचा नसतो, बाळ. बघ, माझा राजा कोपऱ्यात जायचाच होता, तूच त्याला पोचवलास.”

पोरगं दोन मिनिटं पटाकडे बघत बसलं. मग एकदम हात पुढे करून त्याने घोडा उचलला. “आणि मी शह न देता हा इथं आणला असता तर?” गृहस्थ थांबले. त्यांनी वजीर हलवून बघितला, हत्ती हलवून बघितला, परत जागेवर ठेवला. “मग मी अडचणीत होतो,” म्हणाले. पोराचा चेहरा बदलला तो तिथे. हरलेला डाव त्याने जिंकला नाही, पण तो त्याला कळला. पुढच्या स्पर्धेत त्याच गृहस्थांना शोधत तो गेला.

हे का जमलं, ते सुटं करून बघा, कारण तुम्हाला नेमकं तेच कोडमध्ये उतरवायचंय. दोघांची संमती होती. कुणालाही ‘मला बोलायचं नाही’ म्हणून निघून जाता आलं असतं आणि त्यात अपमान नव्हता. निकाल आधीच पक्का झाला होता, तो बोलण्यातून बदलणार नव्हता. निकाल आणि बोलणं यांच्यामध्ये थोडा वेळ गेला होता, सही करून बाहेर येईपर्यंतचा. आजूबाजूला माणसं होती. आणि सगळ्यात मोठं, दोघांची नजर एकमेकांवर नसून पटावर होती. ‘तू’ने सुरू झालेलं वाक्यसुद्धा ‘इथं’वर येऊन टेकत होतं. या पाचांतल्या चार गोष्टी फोनवर आणता येतात. आजूबाजूची माणसं आणता येत नाहीत, त्यांच्याऐवजी तक्रारीचं बटण असतं, आणि ते दुबळं आहे हे मान्य करूनच बाकीचं भक्कम करायचं.

तर तुमच्या कॅरममध्ये मी असं करेन. निकाल दिसल्यावर काही सेकंद कुणालाच काही पाठवता येणार नाही. स्क्रीनवर गुण, कुणी राणी घेतली, शेवटचा फटका. मग दोन बटणं: ‘पुन्हा खेळू’ आणि ‘बोर्ड बघू’. दुसरं बटण दोघांनी दाबलं तरच पुढची खिडकी उघडेल. एकानेच दाबलं तर दुसऱ्याला फक्त शांत खूण दिसेल, आणि त्याने दुर्लक्ष केलं तर पहिल्याला ‘नाकारलं’ असा शब्द कुठेही दिसणार नाही. ती खिडकी म्हणजे झालेल्या बोर्डाची पुनरावृत्ती: फटके एकामागून एक पुढे-मागे करता येतील, आणि दोघांनाही एकाच वेळी तोच फटका दिसेल. बोलायचं ते त्या फटक्याला चिकटून. खेळाडू एखाद्या फटक्यावर बोट ठेवेल आणि तिथे तयार वाक्य निवडेल.

यातून एक फायदा असा होतो जो लोक धरत नाहीत. निम्मे आरोप दिसलं नाही म्हणून होतात. ‘माझी राणी कव्हर झाली होती, तुझ्या गेमने दिली नाही’ असं म्हणणाऱ्याला तो फटका पुन्हा दाखवला, सोंगटी पॉकेटच्या काठावर थांबलेली दिसली, की वाद तिथेच मिटतो. आणि खरंच तुमच्या कोडमध्ये घोळ असेल तर तोही असाच सापडेल. तुम्हाला तक्रारीबरोबर नेमका फटका मिळेल. स्ट्रायकर अडकला, नेट मधेच गेलं, या तक्रारी कॅरममध्ये भरपूर येणार, तेव्हा पुनरावृत्ती चॅटसाठी नाही तरी स्वतःसाठी बनवाच. प्रत्येक फटक्याची स्ट्रायकरची जागा, दिशा आणि जोर साठवला की पुरतं; व्हिडिओ साठवायची गरज नाही. फक्त तुमचं गणित दोन्ही फोनवर हुबेहूब एकच उत्तर देत नसेल, तर फटका संपल्यावरच्या सोंगट्यांच्या जागाही साठवा.

तयार वाक्यं मराठीत आणि आपल्या बोलण्यातली ठेवा. ‘उत्कृष्ट खेळ’ कुणी म्हणत नाही. ‘भारी मारलास’, ‘हा कट कसा काढला?’, ‘इथं मी घाई केली’, ‘राणी आधी घ्यायला हवी होती’, ‘चला, निघतो’. फटक्यावर बोट ठेवल्याशिवाय ‘भारी मारलास’ पाठवता येऊ नये, आणि ज्या फटक्यात स्ट्रायकरच पॉकेटमध्ये गेला त्याला ते लावता येऊ नये. इतकी छोटी गोष्ट, पण कौतुकाचा टोमणा व्हायची वाट तिथेच बंद होते. एक वाक्य एका बोर्डात एकदाच. लोक तरीही काहीतरी शोधून काढतील, मग ते वाक्य बदला. यादी दगडावर कोरलेली नाही.

मोकळा मजकूर कधी? इथे मी तुमच्या पहिल्या मित्राच्या बाजूने आहे. चॅटमधून खरी मैत्री होते हे मी पाहिलंय. मिरजेचे एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. लॉकडाउनमध्ये ते फोनवर बुद्धिबळ खेळायला लागले आणि नांदेडकडच्या एका दुकानदाराशी त्यांची जोडी जमली. रोज रात्री जेवण झालं की एक डाव, मग पाच मिनिटं त्या डावावर, मग पाऊसपाणी, मग एकमेकांच्या नातवंडांबद्दल. ही दारं कायमची बंद करणारा गेम मला नको वाटतो. पण त्यांचं बोलणंही डावापासून सुरू होऊन हळूहळू पावसावर आलं, पहिल्याच दिवशी नाही. तेच तुम्ही नियमात बसवा: त्याच प्रतिस्पर्ध्याशी काही सामने झाले, दरवेळी दोघांनीही ‘बोर्ड बघू’ दाबलं, कुणाचीही तक्रार नाही, तर मग दोघांना विचारा, मोकळं बोलायचं का? दोघं हो म्हणाले तर उघडा. किती सामने, हे तुमचा सामना किती लांब आहे त्यावर ठरवा. पाचाने सुरू करून बघा.

त्या मोकळ्या चॅटलाही दोन कुंपणं हवीत. लिंक आणि सलग आकडे जाऊ देऊ नका. लोक ‘नऊ आठ दोन’ असं शब्दांत लिहितात, तेही पकडा. आणि खिडकी बंद झाली की बोलणं संपलं: सामना नसताना मागाहून मेसेज किंवा बोलावणं पाठवायची सोय ठेवू नका. नववीतल्या त्या मुलीचा त्रास त्या सोयीनेच लांबला होता. कुणी कुणाला गप्प केलं तर समोरच्याला ते कळू नये, आणि त्या जोडीला पुन्हा एकमेकांसमोर आणू नका. गाव, कॉलेज, आडनाव प्रोफाइलवर दाखवू नका. ‘सांगली’ आणि ‘कोल्हापूर’ असे बिल्ले लावले की मजा येईल असं वाटतं. मोठ्यांमध्ये येईलही, पण लहान मुलाचा ठावठिकाणा अनोळखी माणसाला सांगण्यासारखंच ते आहे.

इथवरचं गोळा करून सांगते: सामन्यात चॅट नाही, निकालानंतर थोडी शांतता, दोघांनी मागितलं तर बोर्डाची पुनरावृत्ती आणि तिच्याभोवती तयार वाक्यं, ओळख जमली तरच मोकळा मजकूर, अठरा वर्षांखालच्यांना मोकळा मजकूर नाहीच.

अठराचं वय मी मनाने घेतलेलं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यालाही मनाई आहे. शिवाय एकाचा मजकूर दुसऱ्यापर्यंत तुमच्या सर्व्हरवरून जायला लागला की २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम बघावे लागतात. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं, तक्रार आल्याची पोच २४ तासांत देणं, मग ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढणं. तिघांपैकी एकाचं नाव तिथे लागेल. कुणाचं, ते आधी ठरवा, आणि गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी एखाद्या जाणकार वकिलाकडून ताजे नियम समजून घ्या. तयार वाक्यांपुरतं ठेवलंत तर तक्रारी किती कमी येतील, याचा अंदाज तुम्हाला एव्हाना आला असेल.

तक्रारीचं बटण एका स्पर्शावर असू द्या. कारण लिहायला लावू नका; दुखावलेला माणूस निबंध लिहीत नाही. बटण दाबलं की त्या खिडकीतला मजकूर आणि तो फटका आपोआप तुमच्याकडे यायला हवा. तक्रार करणाऱ्याला ‘मिळाली’ आणि नंतर ‘कारवाई केली’ किंवा ‘यात आम्हाला नियमभंग दिसला नाही’ असं साध्या मराठीत कळवा. माझ्या अनुभवात लोक शिक्षेपेक्षा कुणीतरी वाचलं या गोष्टीने जास्त शांत होतात. एखाद्या लहान मुलाशी कुणी त्या नववीतल्या मुलीसारखं बोलताना दिसलं, तर मात्र ते प्रकरण तुमच्या पातळीवर मिटवू नका. मजकूर जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत द्या. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक गेममध्ये सापडेल अशा जागी ठेवा.

माझ्यावर विसंबून राहू नका, मोजून बघा. तुमच्याकडे आत्ता जेवढे खेळणारे आहेत त्यांचे दोन गट करा, एकाला फक्त ‘पुन्हा खेळू’, दुसऱ्याला ‘बोर्ड बघू’ही. काही आठवडे चालू द्या. मेसेज किती गेले हे मोजून काही कळणार नाही. भांडणातही मेसेज खूप जातात. बघायचं ते असं: त्याच माणसाशी पुन्हा खेळायचं प्रमाण कोणत्या गटात जास्त, सामने वाढले तशा तक्रारी कशा वाढल्या, आणि हरलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत आला का. यातला शेवटचा आकडा मी सगळ्यात वर ठेवेन. जिंकलेला परत येतोच. तुमचे खेळणारे अजून थोडे असतील तर छोट्या फरकावर उड्या मारू नका. आकडे इकडचे तिकडे दोन-चार माणसांनीही होतात. अशा वेळी दहा-बारा खेळाडूंना फोन करून विचारा. त्यातून जास्त कळेल.

आणि एक गोष्ट बांधतानाच करून ठेवा. मोकळा मजकूर, तयार वाक्यं, पुनरावृत्ती, यांना सर्व्हरवरून बंद-चालू करता येईल असे वेगवेगळे खटके द्या, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती न काढता एखादी सोय थांबवता येईल. सत्र परीक्षा जवळ आली, तिघंही लायब्ररीत, तक्रारी वाचायला कुणी नाही, अशा वेळी मोकळा मजकूर बंद करा आणि गेममध्ये तसं स्पष्ट लिहा: ‘परीक्षेमुळे मोकळी चॅट अमुक तारखेपर्यंत बंद आहे, बोर्ड बघणं चालू आहे.’ लोक समजून घेतात.